सुई ते भिंत

रेकॉर्ड ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक प्रश्न अधूनमधून घोळतोच : आता पुढे काय बदलायचं? थोडे पैसे साठलेले असतात, कानाला काहीतरी खटकत असतं आणि या दोन्हींची गाठ घालून द्यायची घाई झालेली असते. मग नवं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा छोटा ठोकळा, येतं. किंवा जड प्लॅटरचं, म्हणजे रेकॉर्डखालच्या जड फिरत्या थाळीचं, टर्नटेबल. किंवा मनगटाएवढी जाड वायर. महिना-दोन महिने सगळं सुरेल वाटतं आणि नंतर तेच जुनं खटकणं परत कानात येऊन बसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून खरेदीच्या आधी तक्रार नीट शब्दांत मांडता आली पाहिजे. ‘आवाजात जान नाही’ ही तक्रार नव्हे, ती कुरकुर झाली. ‘प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात स आणि श चिरकतात’ ही तक्रार. ‘पियानोचा लांबलेला स्वर हलतो’ ही तक्रार. ‘आवाज वाढवला की खर्ज घुमायला लागतो’ हीसुद्धा. अशा वाक्यातून दोषाचा पत्ता लागतो, आणि बहुतेक वेळा तो पत्ता दुकानात दाखवलेल्या वस्तूचा नसतो.

या बाबतीतलं एक भांडण जुनं आहे. एकेकाळी सर्वसाधारण समजूत अशी होती की बजेटचा मोठा वाटा स्पीकरवर घालावा, कारण आवाज तिथून येतो. १९७०च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने आपलं एलपी१२ हे टर्नटेबल घेऊन ही समजूत उलटी केली. खाचेतून जे उचललंच गेलं नाही ते पुढचा कुठलाही भाग निर्माण करू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडच्या शब्दांत, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तर्क बिनतोड आहे, पण अर्धाच. कुठे किती गळतं, हे तो सांगत नाही.

ते समजून घ्यायला साखळीकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. या सगळ्या व्यवस्थेत ऊर्जा आपलं रूप दोनच ठिकाणी बदलते. कार्ट्रिजमध्ये सुईच्या हालचालीची वीज होते आणि स्पीकरमध्ये त्या विजेची पुन्हा हालचाल होते. सगळ्यात मोठ्या चुका याच दोन ठिकाणी होतात. बऱ्या कार्ट्रिजमध्येही डाव्या-उजव्या चॅनेलच्या पातळीत १ ते २ डेसिबलचा फरक खपवून घेतला जातो, दोन चॅनेल एकमेकांपासून २० ते ३० डेसिबलच अलग राहतात, आणि जोरकस भागात विकृती टक्क्यांच्या घरात जाते. स्पीकरच्या वेगवेगळ्या स्वरांच्या पातळीचा आलेख ±३ डेसिबलमध्ये बसला तर त्याला चांगला म्हणतात, आणि खोलीत ठेवल्यावर तोही बसत नाही. या दोघांच्या मधला अ‍ॅम्प्लिफायर मात्र डेसिबलच्या दहाव्या हिश्शात आणि टक्क्याच्या शंभराव्या हिश्शात चुकतो. माझा कल यावरून स्पष्ट आहे : पैसे दोन टोकांना घाला आणि मधल्यांनी काही बिघडवू नये एवढंच बघा.

आता कोणतं टोक, हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, त्याच स्पीकरवर, त्याच संगीताची चांगली डिजिटल प्रत लावून ऐका. दोन्हींत तीच तक्रार असेल, म्हणजे खर्ज तसाच घुमतोय, गाणारा तसाच एका स्पीकरकडे झुकलाय, तर टर्नटेबलकडची कुठलीही वस्तू घेऊन उपयोग नाही. दुखणं अ‍ॅम्प्लिफायरपासून पुढे आहे, आणि बहुधा स्पीकर व खोली यांच्या नात्यात. डिजिटल प्रत ठीक आणि तबकडीच तेवढी खरखरीत, तर मात्र सुईकडून सुरुवात करायची. ज्या रेकॉर्ड वेगळ्या मास्टरवरून, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेगळ्या मूळ प्रतीवरून, काढलेल्या आहेत त्यांत स्वरांचा तोल मुळातच वेगळा असतो. म्हणून ही तुलना चार-पाच रेकॉर्डवर करावी, एकीवर नाही.

सुईकडच्या बाजूचा दोष आणखी बारीक चाळता येतो. प्लॅटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा आणि ज्या फळीवर टर्नटेबल आहे तिला बोटाने टिचकी मारा. स्पीकरमधून ढप्प असा आवाज आला तर टर्नटेबल जमिनीपासून आणि स्पीकरपासून अलग झालेलं नाही. इथे भिंतीत ठोकलेली भक्कम फळी महागड्या टर्नटेबलपेक्षा जास्त काम करते. मग रेकॉर्ड फिरवून गाणं संपल्यावरच्या रिकाम्या खाचेत ऐका. सतत गुरगुर येत असेल तर बेअरिंग किंवा मोटर. प्लॅटर फिरत असो वा नसो, एकसारखी गुणगुण येत असेल तर ती विजेची : अर्थची वायर सुटली आहे, हेडशेलमधला (टोनआर्म म्हणजे सुईचा हात, त्याच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) एखादा पिन सैल आहे, किंवा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या फार जवळ आहे. टोनआर्म आत-बाहेर नेल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली तर शेवटचं कारण जवळजवळ नक्की.

बहुतेक घरांत या चौकशीअंती गाडी सुईपाशी थांबते.

३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर खाचेचा वेग सगळीकडे सारखा नसतो. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून साधारण १४६ मिलिमीटरवर, खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. आत ६० मिलिमीटरवर तोच वेग २१ सेंटिमीटर होतो. १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांबीची असते, आत जेमतेम २१ मायक्रॉनची. शंकूच्या आकाराच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. म्हणजे आतल्या गाण्यात ही सुई आपल्यापेक्षा लहान वळणांत शिरायला बघते, शिरत नाही आणि वरवरून घसरत जाते. शेवटच्या गाण्यातला चिरका स तिथून येतो. लंबवर्तुळी सुईची बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास असते, त्यामुळे ती बरीच खोल जाते. शिबाटा आणि मायक्रोलिनियर या जातींच्या सुया त्याहून अरुंद, पण खाचेच्या भिंतीला वरखाली लांब रेषेत टेकणाऱ्या. शिबाटाचा जन्म १९७०च्या दशकातल्या चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी झाला. त्यांत ३०,००० हर्ट्झची वाहक लहर वाचायची होती आणि जुन्या सुयांना ते जमत नव्हतं. ते रेकॉर्ड गेले, सुई राहिली.

म्हणून आतल्या गाण्याची तक्रार असेल तर माझ्या मते सगळ्यात फायद्याचा बदल म्हणजे त्याच कार्ट्रिजला वरच्या दर्जाची सुई. पुष्कळ मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलतो त्या जातीच्या) कार्ट्रिजमध्ये सुई ओढून काढता येते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत शंकूपासून शिबाटापर्यंत सगळ्या सुया एकाच ठोकळ्यावर बसतात. ऑर्टोफोनच्या २एम मालिकेत रेडवर ब्लूची सुई चालते, पण ब्रॉन्झ आणि ब्लॅक यांचा ठोकळा वेगळा. सुई बदलताना स्क्रू, वायर, मोजमाप यांना हात लावावा लागत नाही. फक्त सुई रेकॉर्डवर जेवढी टेकते ते वजन पुन्हा तपासायचं.

त्याआधी सुई जुनी झाली आहे का, तेही बघावं. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांसाठी ढोबळ आयुष्य देते : लंबवर्तुळी ३०० तास, शंकूची ५००, शिबाटा ८००, मायक्रोलिनियर १०००. एक बाजू वीस मिनिटांची धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. रोज दोन बाजू ऐकणाऱ्याला ते सव्वा वर्षापेक्षा जास्त पुरत नाही, आणि घराघरांत पाच-सहा वर्षं जुन्या सुया सुखेनैव फिरत असतात. झिजलेल्या टोकाला चपट्या कडा येतात आणि त्या खाच तासतात. अशा वेळी नवा फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजची क्षीण वीज वाढवणारा भाग, घेणं म्हणजे रेकॉर्ड खराब होण्याचा आवाज जास्त स्पष्ट ऐकणं. अर्थात सुई झिजली म्हणण्याआधी ती पुसून बघा. टोकाला चिकटलेल्या मळाच्या गोळीने हुबेहूब हेच लक्षण येतं. ब्रश नेहमी मागून पुढे फिरवायचा.

नवी सुई आली तरी ती बसवली कशी आहे, यावर निम्मं अवलंबून आहे. काउंटरवेटवरच्या, म्हणजे आर्मच्या मागच्या तोलाच्या वजनावरच्या, आकड्यांवर विश्वास न ठेवता ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि रेकॉर्डच्या उंचीला मोजा. माहितीपत्रकात १.८ ते २.२ ग्रॅम लिहिलं असेल तर २.० वर ठेवा, आणि शंका असेल तर वरच्या बाजूला सरका. कमी वजन रेकॉर्डला सुखाचं, हा समज उलटा आहे. हलकी सुई जोरकस भागात भिंत सोडून उडते, आपटते, आणि तो ओरखडा कायमचा राहतो. मग प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायची आखलेली पट्टी. बेअरवाल्ड नावाच्या रूढ मांडणीत केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटर या दोन ठिकाणी कार्ट्रिज खाचेला अचूक स्पर्शरेषेत यायला हवं. एका ठिकाणी बरोबर, दुसऱ्या ठिकाणी तिरपं, असं झालं तर कार्ट्रिज हेडशेलच्या फटीत पुढे-मागे सरकवून पुन्हा दोन्ही ठिकाणी तपासायचं. यात तास जातो आणि गेलाच पाहिजे. प्लॅटरवर पाणसळ ठेवून टर्नटेबल सपाट केलेलं नसेल तर हा तास वाया गेला असं समजा.

अँटिस्केटिंगसाठी, म्हणजे आर्मची आत जाण्याची ओढ रोखणाऱ्या उलट बळासाठी, कानाची एक खूण आहे. आर्म आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर रेलते, आणि आतली भिंत डाव्या चॅनेलची असते. आधार सुटतो तो बाहेरच्या भिंतीचा. म्हणून जोरकस भागात आधी उजवा स्पीकर फाटायला लागला तर अँटिस्केटिंग कमी पडतंय. आर्मच्या मागच्या उंचीबद्दल मात्र लोक फार जीव टाकतात. नऊ इंची आर्मची मागची बाजू ४ मिलिमीटर उचलली की सुईचा कोन जेमतेम १ अंश बदलतो. जाड आणि पातळ रेकॉर्डमध्ये एक मिलिमीटरचाही फरक नसतो. आर्म नजरेने समांतर केला की बहुतेकांनी तो विषय सोडून द्यावा.

आता समजा, पूर्ण कार्ट्रिजच बदलायचं ठरलं. इथे आर्मला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आर्मचं प्रभावी वस्तुमान आणि सुईच्या दांडीचा लवचीकपणा (माहितीपत्रकातला ‘कम्प्लायन्स’चा आकडा) मिळून एक स्प्रिंग तयार होते आणि तिची स्वतःची कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडावी. खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डची आणि चालण्याची हालचाल तिला चेतवते, वर गेली तर खर्जाला धक्का लागतो. हिशोब साधा आहे : १५९ भागिले, एकूण ग्रॅम आणि लवचीकपणा यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १२ ग्रॅमचा आर्म, ७ ग्रॅमचं कार्ट्रिज, १ ग्रॅम स्क्रू, मिळून २०. लवचीकपणा २० असेल तर उत्तर ८ हर्ट्झ, काठावर. १२ असेल तर सव्वादहाच्या आसपास, उत्तम. जपानी कंपन्या लवचीकपणा बहुधा १०० हर्ट्झला मोजतात. तो आकडा दीड ते दोन पट करून मगच सूत्रात घालायचा, नाहीतर चांगली जोडी नापास होते. डेनॉनचं डीएल-१०३ हे एनएचके या जपानी प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात तयार झालेलं कार्ट्रिज ताठ सुईचं, त्यामुळे जड आर्मवर खुलतं. हलक्या आर्मवर तेच बिथरतं. त्याउलट मऊ सुईचं भारी कार्ट्रिज जड आर्मवर लावलं की नाकापेक्षा मोती जड, आणि स्पीकरचे पडदे संगीत नसतानाही आत-बाहेर डोलू लागतात. डोलणारे पडदे दिसले तर आधी ही जोडी तपासा. स्पीकरचा त्यात दोष नसतो.

दुसरा विचार विजेचा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं आणि त्याला ४७,००० ओहमचा भार आणि सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभर पट, वाढ लागते. मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचं वेटोळं हलतं ती जात, बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच देतं. त्याला ६० डेसिबल हवेत आणि भार शंभर ओहमच्या आसपास. म्हणजे मूव्हिंग कॉइल घेणं ही बहुधा दोन वस्तूंची खरेदी असते, आणि दुसरी वस्तू पहिलीच्या आनंदात विसरली जाते. मग आवाजाची मूठ पूर्ण फिरवूनही संगीत दुबळं आणि त्यामागे सूं असा पाऊस.

मूव्हिंग मॅग्नेटवाल्यांचा वैरी कपॅसिटन्स, म्हणजे वायरीत विजेचा भार साठण्याचा गुण. कार्ट्रिजमधल्या तारेच्या वेटोळ्याचं इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा त्याचा विरोध, ५०० मिलिहेन्री धरा. आर्मची वायर, जोडणीची केबल आणि फोनो स्टेजचा स्वतःचा कपॅसिटन्स मिळून २५० पिकोफॅरड झाले तर १४,२०० हर्ट्झच्या आसपास आवाजात उंचवटा येतो. ४५० झाले तर तो १०,६०० पर्यंत खाली उतरतो, थेट झांजा आणि स-श यांच्या डोक्यावर. लोक म्हणतात, हे कार्ट्रिज कर्कश आहे. कार्ट्रिजने काही केलेलं नसतं. केबलच्या दर मीटरला १०० पिकोफॅरड सहज असतात, म्हणून लांब केबल कापून आखूड करणं किंवा फोनो स्टेजच्या खालचा छोटा स्विच खाली आणणं हा फुकट बदल आहे. टर्नटेबल ते फोनो स्टेज ही एकच जागा जिथे केबलचा स्वभाव खरोखर मोजता येतो. बाकी सगळीकडे जोड घट्ट आणि तांबं पुरेसं जाड असलं की विषय संपला.

फोनो स्टेज कधी बदलावा? टर्नटेबलच्या आत बसवलेला किंवा जुन्या रिसीव्हरमधला शांत भागात सूं करत असेल तेव्हा, किंवा नव्या कार्ट्रिजला पुरेशी वाढ देत नसेल तेव्हा. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाची संघटना) वक्राप्रमाणे रेकॉर्डमध्ये खर्ज दाबून आणि वरचे स्वर उचलून कोरलेले असतात, आणि फोनो स्टेज ते उलटं करतो. तो २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल चढवतो, म्हणून गुरगुर आणि गुणगुण यांनाही तोच खांद्यावर घेतो. एक चूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी : टर्नटेबलमधला फोनो स्टेज चालू आणि केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो जॅकमध्ये. आवाज प्रचंड, फाटका, खर्जाने तुंबलेला. उलट, फोनो स्टेज कुठेच चालू नसेल तर आवाज कुजबुजल्यासारखा आणि हाडकुळा. दोन्हींवर उपाय एका स्विचचा आहे.

टर्नटेबल स्वतः बदलायचं कारण तुलनेने क्वचित येतं. बेल्ट सैल झाला असेल, पुलीवर मळ साठला असेल, बेअरिंग कोरडं पडलं असेल, तर ते आधी निस्तरावं. मोबाइलवरच्या अ‍ॅपने किंवा स्ट्रोबच्या (वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसणाऱ्या) चकतीने वेग तपासावा. बेअरिंगमध्ये खेळ आहे, आर्म बाजूने हलवला की खटखटतो, किंवा वजन आणि अँटिस्केटिंग बदलायची सोयच नाही, ही मात्र टर्नटेबल बदलायची खरी कारणं.

डिजिटल प्रतीवरही तक्रार तशीच राहिली असेल तर स्पीकर आणि भिंत. इथेही पहिला बदल जागेचा. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झचा स्वर उभा राहतो, म्हणजे भिंतींच्या मध्ये अडकून घुमतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर असेल तर १०७ हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो. वीस सेंटिमीटर पुढे-मागे केलं की तो खळगा हलतो, आणि हा बदल नव्या अ‍ॅम्प्लिफायरने होणाऱ्या बदलापेक्षा मोठा असतो. टर्नटेबल कोपऱ्यात ठेवू नये, कारण सगळे उभे स्वर कोपऱ्यातच सर्वांत जोरात असतात. अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एकच आकडा : ५० वॉटऐवजी ७० वॉट म्हणजे दीड डेसिबल. त्यापेक्षा ६ डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला शक्तीचा चौथा हिस्सा पुरतो.

बदल केल्यावर तो झाला की भासला, हे ओळखणं आणखी एक काम. ४ मिलिव्होल्टच्या जागी साडेपाच मिलिव्होल्टचं कार्ट्रिज लावलं की आवाज २.८ डेसिबलने आपोआप चढतो, आणि चढलेला आवाज सगळ्यांनाच ‘मोकळा’ वाटतो. त्यावर उपाय सोपा आहे. बदलाआधी एक उतारा संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवा, बदलानंतर तोच पुन्हा, दोन्हींची पातळी समान करा आणि कुठला कोणता हे न बघता ऐका. एका वेळी एकच वस्तू बदला. सुई आणि फोनो स्टेज एकाच दिवशी लावले तर श्रेय कोणाला द्यायचं ते कधीच कळत नाही.

आणि मग उरतो पियानोचा तो हलणारा स्वर. थेट मोटरवर फिरणाऱ्या चांगल्या टर्नटेबलच्या वेगाची चंचलता ०.०२५ टक्के असते, पण रेकॉर्डचं भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर आतल्या गाण्यात स्वर ±०.८ टक्के हलतो, दर १.८ सेकंदांनी एक हेलकावा. नाकामिचीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० नावाचं टर्नटेबल काढलं होतं, ते ही चूक स्वतः मोजून रेकॉर्ड सरकवून घेत असे. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी सुई खाचेत असताना आर्म डावी-उजवीकडे डोलतो का ते बघावं. डोलत असेल तर भोक कानसने किंचित मोठं करून, रेकॉर्ड केसभर ढकलून, आर्म स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावून बघावी लागते.